समेटास नकार

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आमच्या मंडळीचे वडील घरोघर फिरत. वडील म्हणजे मंडळीने निवडलेला जाणता माणूस. आमचे वडील पाथरवट होते आणि लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणत. भोरात तेव्हा ख्रिस्ती घरं दहा-बारा. आबांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असे आणि तिच्यात पत्र्याचे बिल्ले असत. बाजारातल्या मुसलमान पत्रेवाल्याने रॉकेलच्या डब्यातून ते कापून दिले होते. आबा ओट्यावर बसत, तांब्याभर पाणी पीत आणि घरातल्या प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारत. तुझा कुणावर राग हाय का? तुझ्यावर कुणाचा राग हाय का? दोन्हीला 'नाही' म्हटलं की हातावर बिल्ला ठेवत. दुसऱ्या दिवशी उपासनेत तो बिल्ला परत द्यायचा, मग भाकर आणि प्याला मिळायचा. राग असेल तर आधी त्या माणसाकडे जायचं, समेट करायचा. तो झाला नाही तर बिल्ला नाही. बिल्ला नाही त्याने मागे तरटावर बसायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आमच्यात वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसं होती. ती एकाच प्याल्याला ओठ लावत. मनात अढी ठेवून ते जमलं नसतं, म्हणून आबा या चालीला फार जपत. ते माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवत. साक्षीपुरावा मागत नसत.

त्या विश्वासाचा फायदा घेऊन मी एका माणसाला त्या तरटावर बसवलं. मी आता ऐंशीच्या घरात आहे. तो माणूस गेला. जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

भाटघरचं नवं धरण पुरं होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी वीस वर्षांचा होतो. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणे, आमच्या शाळेचे मास्तर होते आणि मंडळीची नोंदवहीही तेच लिहीत. मी सातवीची परीक्षा पहिल्या खेपेला पास झालो होतो. माझं अक्षर चांगलं होतं, वाचन स्वच्छ होतं, आणि हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ज्याला मी पुढे तरटावर बसवलं, तो माझ्याच वयाचा. वेल्ह्याकडच्या, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतला. आई वारल्यावर तो आबांकडे आला आणि त्यांच्या पडवीत राहू लागला. चौथीपर्यंत शिकलेला. वाचताना ओळीखाली बोट फिरवायचा आणि जोडाक्षर आलं की थांबायचा.

पुण्याहून पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, वर्षातून तीनदा यायचे. त्यांनी सांगितलं होतं की वेल्ह्याला शाळा आणि प्रार्थनेची जागा सुरू करायची आहे, त्यासाठी एक तरुण पाहिजे. वर्षभर आम्ही दोघांनी आबांच्या हाताखाली शिकावं. वर्षाच्या शेवटी आबा नाव सांगतील तो जाईल.

ती जागा माझी आहे असं मी धरूनच चाललो होतो. आईने माझ्यासाठी दोन नवे सदरे शिवून ठेवले होते.

आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सकाळी आमच्यापैकी एकाने शुभवर्तमानातला एक अध्याय वाचायचा, आबांनी डोळे मिटून ऐकायचा. मग पिशवीत छिन्नी-हातोडा टाकून आम्ही तिघं चालू पडायचो. आसपासच्या गावांत जात्यांना, पाट्यांना टाकी लावायचं काम आबा करीत. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की दाणा नुसता फिरतो, पीठ पडत नाही. मग दगडावर पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. कुणाच्या अंगणात बसून आबा ते काम करीत आणि जातं पुन्हा नीट चाललं, पीठ बोटांत चोळून पाहिलं, की मगच देवाचे दोन शब्द बोलत. आधी कधी बोलले नाहीत.

मला पहिल्या दिवशी त्यांनी छिन्नी हातात दिली.

"आबा, मी वाचायला आलोय," मी म्हणालो.

"व्हय की. पर हिथल्या बायांना वाचून दाखवलंस तर जातं चालंल का त्यांचं?"

बाजूला बसलेल्या दोन म्हाताऱ्या खुदकन हसल्या. त्यातली एक म्हणाली, "मास्तरांच्या हाताला फोड येतील गं." त्या दिवसापासून आबाही मला मास्तर म्हणू लागले. त्यात प्रेम असावं असं आज वाटतं. तेव्हा तो टोमणा वाटायचा, कारण त्याला आबा 'लेकरा' म्हणायचे.

त्याला ते काम आवडायचं. त्याच्या हातात दगड ऐकायचा. वाटेने जाताना आबा त्याच्या खांद्यावर हात टाकून चालायचे, गुडघे दुखत म्हणून. मी एकदा मुद्दाम त्यांच्या उजव्या अंगाला गेलो आणि खांदा पुढे केला. आबांनी हात ठेवला, दहा पावलं चालले आणि म्हणाले, "तू लई उंच हाईस रं, माझा हात अवघडतो." त्यात वावगं काहीच नव्हतं, मी उंच होतोच. पण तेवढ्यानेही माझा दिवस गेला.

कुणाच्या घरी प्रार्थना करायची वेळ आली की आबा त्यालाच सांगत. त्याची प्रार्थना चार वाक्यांची असायची. "देवा, ह्या घरातलं दुखणं तुला ठाव हाय. म्हातारीला झोप लागू दे. आमाला शानपन दे. आमेन." मी कधी प्रार्थना केली तर ती लांबायची, तिच्यात मी वाचलेले शब्द यायचे, आणि डोळे किलकिले करून मी पाहायचो, तर आबा पाय खाजवत असायचे.

भाटघरला घडलेली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

धरणाच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याचं घर होतं. घरच्या बाईचं जातं बिघडलं होतं. आबांनी वरची तळी, म्हणजे जात्याचा वरचा दगड, त्याच्याकडे दिली, खालची माझ्याकडे. मी काम करीत असताना धरणावरचा एक कारकून अंगणात येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, तुम्ही शिकलेले दिसता, हे काय करताय? मला तेवढंच हवं होतं. मी त्याच्याशी शुद्ध भाषेत बोलत बसलो आणि हातातलं काम कसंबसं उरकलं. टाकी लावल्यावर आधी मूठभर कोंडा दळून टाकून द्यायचा असतो, म्हणजे सुटलेली बारीक खडी निघून जाते. खालच्या तळीचं काम ज्याच्याकडे, त्याने तो काढायचा. मी काढला नाही. बाईने थेट ज्वारी घातली.

आबांचा एक नियम होता. टाकी लावलेल्या जात्याच्या पिठाची पहिली भाकरी ज्यांनी काम केलं त्यांनी खायची. बाईने गरम भाकरी आणि वाटीभर कालवण आणून ठेवलं. पहिल्याच घासाला दाताखाली कचकच आली.

"कसं लागतंय, मास्तर?" आबांनी विचारलं.

"चांगलं आहे."

आतून बाई ओरडली, "चांगलं कसलं वो! माझ्या दाढा वाजल्या हितं!"

तो खाली मान घालून घास चावत होता. म्हणाला, "आबा, कोंडा काढायचा माझ्याकडं व्हता. म्या इसरलो."

आबांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "तुझ्याकडं व्हता?"

"व्हय."

"खोटं बोलतुयास. आपली चूक दुसऱ्यावर ढकलनं जसं खोटं, तसं दुसऱ्याची उचलून आपल्या अंगावर घेनं बी खोटंच. तुला वाटतं तू लई मोठं काम केलंस. ज्याची हाय त्याला ती कळायची कशी मग? पुन्यांदा असं करू नगंस."

त्याचे डोळे भरून आले. आबा उठले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाईला म्हणाले, "माय, पीठ गुरांना घाल. आमी परत बसतो जात्यावर." मला ते एक शब्दही बोलले नाहीत.

परत येताना माझ्या मनात काय होतं ते सांगतो. चूक माझी होती याची लाज नव्हती. मला हेवा वाटत होता, की आबा त्याला रागावले. मला रागवावं इतकासुद्धा मी त्यांचा नव्हतो, असं वाटत होतं. आज कळतं की आबा माझी वाट पाहत होते. भाकरी खाताना, जातं पुन्हा करताना, परतीच्या सगळ्या वाटेवर ते मी तोंड उघडायची वाट पाहत होते.

वर्ष संपत आलं. पाळकसाहेब येणार होते त्या आठवड्यात, गुरुवारी, आबा आमच्या ओट्यावर दादांशी बोलत बसले होते. मी आत होतो. आबा म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घिऊ नका. शिकल्यालं पोरगं तुमचंच हाय. पर वेल्ह्याला बोलनाऱ्यापरीस ऐकनारा पायजे. म्या त्या पोराचं नाव सांगनार."

दादा म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

माझं वाक्य ऐनवेळी तोंडातून निसटलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. गुरुवारपासून शनिवारपर्यंत ते माझ्या तोंडात घोळत होतं. चाल मला पाठ होती. माझा राग आहे असं म्हणालो तर माझा बिल्ला जाणार. त्याचा माझ्यावर आहे, मी समेटाला गेलो आणि त्याने नाकारलं, असं म्हणालो तर त्याचा. आणि बिल्ला रोखलेल्या तरुणाला पाळकसाहेब कुठेच पाठवणार नाहीत.

शनिवारी सकाळी आबा आले. दादांना, आईला बिल्ला दिला. मग माझ्याकडे वळले.

"तुझा कुणावर राग?"

"नाही, आबा."

"तुझ्यावर कुणाचा?"

"आहे," मी म्हणालो. "त्याचा." आणि नाव सांगितलं. "मी परवा त्याच्याकडे गेलो होतो, काही चुकलं असेल तर माफ कर म्हणालो. त्याने तोंड फिरवलं."

आई चुलीपाशी प्रभुभोजनासाठी मनुका पाण्यात भिजत घालत होती. आम्ही द्राक्षारसाऐवजी मनुकांचंच पाणी घेत असू. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. आबांनी दारातून जाणाऱ्या कुणाला तरी सांगून त्याला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांवर दगडाची भुकटी होती.

"ह्यो म्हनतो तुझा ह्याच्यावर राग हाय. समेटाला आला तर तू तोंड फिरवलंस. खरं हाय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीच कळलं नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग हळूहळू कळलं, तेही दिसलं. त्याने दादांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. तो 'न्हाई' म्हणाला असता तर त्या तिघांपुढे मी खोटा ठरलो असतो, आणि शनिवारी बिल्ल्यासाठी खोटं बोलणाऱ्याला मंडळीत तोंड दाखवायला जागा नव्हती.

"असंल, आबा," तो म्हणाला.

"असंल न्हवं. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"पुन्हा दुसऱ्याचं उचलतुयास का?"

"न्हाई आबा. माझाच राग हाय."

आबा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर दगडाकडे पाहून आत चीर आहे की नाही ते सांगणारा तो माणूस, पण त्या दिवशी त्यांना सांगता येईना. एक त्यांनी स्वतः खोटं बोलू नको म्हणून बजावलेला, आणि दुसरा मी.

"उद्या घंटा व्हायच्या आत दोघांनी समेट करून या," ते म्हणाले. "दोघांचे बिल्ले तवर पिशवीत."

आता मला एवढंच करायचं होतं, की तो मला भेटू नये. दुपारी मी आईला सांगितलं, भोंगवलीला आत्याकडे जातो, तिची तब्येत बरी नाही. आत्या ठणठणीत होती. वाटेत एका गाडीवानाने बैलगाडीत घेतलं. आत्याने भात वाढला, विचारलं, असा अचानक कसा? मी म्हणालो, तुझी आठवण आली. तेही खोटंच.

रविवारी उपासना दुपारी होती, पाळकसाहेबांची मोटार पुण्याहून यायची म्हणून. मी नेमका घंटेच्या वेळी पोचेन असा निघालो. घरी कपडे बदलायला शिरलो तर आई म्हणाली, "तो पहाटेपासून ओट्यावर बसून होता. आत्ता उठून गेला. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, आला की सांगा, म्या आलो व्हतो."

दादा धोतर नीट करत होते. त्यांनी ऐकलं. आई त्यांना म्हणाली, "अहो, आबांना सांगायला पाहिजे."

"पुरे," दादा म्हणाले. "उशीर होतोय."

दादांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांनी मुलाला वाचवलं. ज्याने त्यांना वाचवायला लावलं, तो मी.

प्रार्थनेच्या घराच्या दारात आबा पिशवी घेऊन उभे होते. तो माझ्या आधी पोचला होता, भिंतीला टेकून उभा होता.

"झाला समेट?" आबांनी मला विचारलं.

"मी तयार होतो, आबा. तो आला नाही."

तो चार हातांवर होता. त्याने ऐकलं. माझ्यामागे आई होती, तिनेही ऐकलं. आबांनी त्याच्याकडे मान वळवली आणि त्याने नुसती खाली घातली.

आबांनी पिशवीत हात घातला आणि माझ्या तळव्यावर बिल्ला ठेवला. "तुझ्या शब्दावर," एवढंच म्हणाले. मग त्यांनी ती पिशवी खांद्यावरून काढली आणि दादांच्या हातात दिली. "आज बिल्ले तुमी गोळा करा." "आणि तुम्ही?" दादांनी विचारलं. "मला आज खरं-खोटं कळंना झालंय," आबा म्हणाले. "ज्याला कळत न्हाई त्यानं मागं बसावं."

ते आत गेले आणि मागे तरटावर त्याच्या शेजारी बसले.

मी पुढच्या ओळीत होतो. बिल्ला परत दिला. भाकरीचा तुकडा घेतला, प्याला घेतला. प्याला तोंडाशी असताना मी मागे वळून पाहिलं. आबांनी गुडघा लांब करून ठेवला होता आणि एक हात त्याच्या खांद्यावर टाकला होता. जे मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि त्या क्षणी मला त्या तरटावर बसायचं होतं. त्याच्या जागी. इतका हेवा मला आधी कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी दादांनी नोंदवहीत ओळ लिहिली. त्याचं नाव, आणि पुढे, 'भावाशी समेटास नकार दिल्यावरून बिल्ला रोखला.' आबा मागे का बसले याबद्दल काही लिहिलं नाही.

महिन्याभरात मी वेल्ह्याला गेलो. भोरहून निघून डोंगरातून चालत गेलं तर उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत वेळ लागायचा. एका शेतकऱ्याने गोठ्याशेजारची जागा दिली, तिथे शाळा सुरू झाली. मी शाळा वाईट चालवली असं नाही. मुलं शिकली, काही पुढे नोकरीलाही लागली. पण पहिल्याच आठवड्यात एक बाई दारात येऊन म्हणाली, "त्यो आमच्या वाडीचा पोरगा येनार म्हनत व्हते. टाकी लावनारा. त्यो कुठं ऱ्हायला?" मी म्हणालो, त्याला नाही पाठवलं. "का वो?" मी म्हणालो, मंडळीचा काही अडथळा होता.

तो वेल्ह्याला यायचा, वर्षातून दोन-तीनदा, जात्यांचं काम घेऊन. तो गावात आला की पोरं शाळा सोडून त्याच्याभोवती जमायची. एकदा मी छडी घेऊन बाहेर आलो आणि सगळ्यांना आत हाकललं. त्याने छिन्नी खाली ठेवली आणि म्हणाला, "जावा रं, गुर्जी बोलावत्यात." तो मला गुर्जीच म्हणायचा, आणि त्यात टोमणा नसायचा. मी शोधला, पण नसायचा.

आबा एकदाच आले. एका शेतकऱ्याच्या गाडीतून आले, दोन दिवस राहिले. शाळा झाडली, पोरांच्या पाट्या धुऊन दिल्या. जाताना विचारलं, "झोप लागती का रं हितं?"

"लागते, आबा."

"बरं," ते म्हणाले आणि गाडीत चढले. त्यांनी एवढंच विचारलं. मला बोलायला आणखी एक संधी देऊन ते गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला ते वारले. शेवटच्या वर्षभर त्याने आणि त्याच्या बायकोने त्यांचं सगळं केलं. मला निरोप मिळून मी पोचेपर्यंत माती झाली होती. थडग्यावर त्याने घडवलेला दगड होता. त्यावर एकही अक्षर नव्हतं. आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने लिहिलं नाही, असं तो म्हणाला.

आबांच्या जागी वडील निवडायचे होते. सगळ्यांच्या मनात तोच होता. पण कुणीतरी जुनी वही काढली, ती ओळ वाचली, आणि म्हणालं की समेट नाकारलेला माणूस घरोघर जाऊन समेट कसा करवणार? बोलणं बरोबर होतं. मी त्या बैठकीला हजर होतो, वेल्ह्याहून मुद्दाम गेलो होतो. मी गप्प बसलो. पुढे एकदा पुन्हा तसंच झालं. तेव्हाही गप्प बसलो. तो कधीच वडील झाला नाही.

मी निवृत्त होऊन भोरला परतलो. दर रविवारी तो भेटायचा. दोनदा मी त्याला बाजूला घेऊन बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदा त्याने विचारलं, "गुर्जी, यंदा वेल्ह्याकडं भात कसा हाय?" दुसऱ्यांदा तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. लई लांबची गोष्ट हाय." मी सुटल्यासारखा घरी गेलो. तो नको म्हणाला म्हणून मी बोललो नाही, असं नाही. मला न बोलण्याचं निमित्त हवं होतं.

तो गेल्यावर चौथ्या रविवारी उपासनेनंतर मी उभा राहिलो आणि मंडळीसमोर सगळं सांगितलं. भोंगवलीसुद्धा. आज मंडळीत बसणाऱ्यांपैकी निम्म्यांना बिल्ल्यांची चाल माहीतही नाही. एक तरुण वडील म्हणाले, "गुरुजी, किती मोठं मन लागतं हे सांगायला." आणि खरं सांगतो, ते ऐकून मला बरं वाटलं. एवढं सगळं सांगूनही मला कुणीतरी चांगला म्हणायला हवा होता.

त्याची बायको बायकांच्या बाजूला शेवटच्या ओळीत बसली होती. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली. तिला मी वहिनी म्हणतो.

"म्हंजी ते त्या दिवशी तुमच्या दारात गेलते?" तिने विचारलं.

"पहाटेपासून बसून होता, वहिनी."

"मला म्हनले, राग माझाच व्हता. म्या गेलोच न्हाई म्हनले."

"नाही. तो आला होता."

मला वाटलं, ती रडेल. तिला राग आला होता.

"मास्तर, आमचं भांडान झालं की म्या काय म्हनायची ठाव हाय का? म्हनायची, तुमी कुनाशी ग्वाड बोलनार, देवाच्या दारात सुदिक आडून बसल्यालं मानूस तुमी. दर बारीला. चाळीस वर्सं. पोरांच्या म्होरं. आन ते गप ऱ्हायचे. मला वाटायचं, वर्मी लागलं, बरं झालं. आता ह्याचं म्या काय करू? त्यांना कुठं गाठू?"

इतकी वर्षं मी हिशेब धरला होता तो माझा आणि त्याचा. ही बाई त्यात कधी आलीच नव्हती.

"माझं चुकलं, वहिनी."

"तुमचं चुकलं ते चुकलंच. पर त्यांचं बी चुकलं. बायकूला तरी सांगायचं." तिने पदराने तोंड पुसलं. "आता असं करा. हे सगळं लिवून द्या. माझा थोरला वाचून दावंल. पोरांनी माझ्या तोंडून बापाचं वंगाळ ऐकलंय, ते त्यांनी तुमच्या हातनं खोटं झाल्यालं बघायला पायजे."

"देतो लिहून."

ती चार पावलं गेली आणि परत वळली. "आन त्यांना लई साधू करून लिवू नगा. ते हट्टी व्हते. पोरीच्या लग्नात माझ्या भावाशी चार दिस बोलले न्हाईत, भातात मीठ कमी म्हनून ताट सारायचे, आन बोलावलं की ऐकू आलं न्हाई म्हनायचे. ते बी लिवा. न्हाईतर पोरं म्हनतील, ह्यो दुसराच कुनी."

म्हणून ते लिहिलं. तो हट्टी होता, ताट सारायचा, ऐकू येऊन न आल्यासारखं करायचा. वहिनी हे सांगत होती तेव्हा तिचा राग उतरत चालला होता आणि आवाज बदलला होता. ती जणू तो घरात आहे आणि तिला उत्तर देणार आहे अशी बोलत होती. माझी बायको जाऊन दहा वर्षं झाली. माझ्याबद्दल असं रागावून बोलणारं कुणी उरलेलं नाही, आणि तिथे उभा राहून मला पुन्हा त्याचाच हेवा वाटला.